सुरी मुंबईत अडकली आहे

जव्हार-मोखाड्यात ज्या माणसाला रोज काहीतरी तोडावं लागतं, तो सुरीबद्दल कधी बोलत नाही. कमरेच्या आकडीतून कोयता काढायचा, फांदी तोडायची, कोयता पुन्हा आकडीत अडकवायचा आणि वाटेला लागायचं. राबाला ऐनाच्या फांद्या, कुडाला कारवी, चुलीला लाकूड, दारातला फणस, सगळ्याला तेच एक पातं. सुरीबद्दल बोलणारा माणूस निराळा. तो कुठल्यातरी कचेरीत लिपिक असतो, बदलीवर आलेला असतो, आणि त्याच्या टेबलावर तोडण्याजोगी एकच वस्तू असते, ती म्हणजे फायलीची नाडी. तीही तो सोडवतो, तोडत नाही. नाडी परत वापरायची असते.

लोक त्याला भाऊसाहेब म्हणतात. कचेरीतल्या कुठल्याही कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडे रीत आहे, तेव्हा हे भाऊसाहेब नक्की कुठल्या खात्यातले याचा शोध कुणी घेऊ नये. चार खात्यांत चार सापडतील.

भाऊसाहेब मूळचे देशावरचे. जव्हारला रुजू झाले ते नेमके जूनमध्ये. इथला पाऊस एकदा बसला की अडीच-तीन हजार मिलिमीटर ओतूनच उठतो. शिवाजी महाराज १६६४च्या सुरतेच्या स्वारीला जाताना जिथे थांबले तो शिरपामाळ पाहून झाला, मुकण्यांचा राजवाडा पाहून झाला, दाभोशाचा धबधबा धुक्यामुळे नुसता ऐकून झाला. पुढच्या रविवारी माणसाने करायचं काय? भाऊसाहेबांनी मोबाइल उघडला. फिनलंडच्या जंगलात एक दाढीवाला गृहस्थ पावसात बसून सुरीने काटकी सोलत होता. बोलत काहीच नव्हता. भाऊसाहेब ते तासभर बघत राहिले. त्याच वेळी खिडकीखालून त्यांच्याच कचेरीचा शिपाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि खांद्यावर ओल्या लाकडांचा भारा घेऊन गेला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्याचा व्हिडिओ नव्हता.

दिवाळीपर्यंत भाऊसाहेबांचा भूगोल पक्का झाला. खोडाळा मोखाड्याच्या कुठल्या अंगाला, असं विचारलं तर ते आजही अडखळतात. पण स्वित्झर्लंडात कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये सुऱ्यांचा कारखाना काढला, लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल १८९० चा, झोलिंगेनचं नाव पात्यावर कोण कोरू शकतो याचा जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे, जपानात साकाई स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी आणि सेकी तलवारींसाठी नावाजलेलं, हे सगळं झोपेतून उठवून विचारा. पोलादाच्या जाती तर विचारूच नका, कारण मग दुपारचा चहा निवतो. जपान्यांचं एक पोलाद ‘पांढऱ्या कागदा’चं, एक ‘निळ्या कागदा’चं. पोलाद दोन्ही काळपटच. कारखाना ज्या रंगाचा कागद डकवतो त्यावरून नाव. “पांढरा कागद घ्यावा की निळा?” असं भाऊसाहेब एकदा स्वतःशीच मोठ्याने म्हणाले. शिपायाने भांडारातून पांढऱ्या कागदाचं रीम आणून टेबलावर ठेवलं.

वहिनींचा याला विरोध नव्हता. त्या जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरतात आणि विळी जव्हारच्या बाजारातली आहे. घरात भाऊसाहेबांच्या सुऱ्या आधीही होत्या, पण त्या वापरायच्या नसतात हे त्यांना लग्नानंतर लवकरच समजलं होतं.

मग एका रात्री भाऊसाहेबांनी साकाईची सुरी नक्की केली. पातं २१० मिलिमीटर, पांढरा कागद.

नक्की करणं सोपं होतं. बऱ्याच परदेशी दुकानांनी भारताचं नाव वाचूनच माफी मागितली. स्वस्तातला चिनी दरवाजा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्येच बंद केला होता. त्या वेळी बंदी आलेल्या ४३ अ‍ॅपांत अलीएक्स्प्रेसही होतं. शेवटी एक जपानी दुकानदार टपालाने पाठवायला तयार झाला. त्याच्या अर्जात पहिला रकाना घर क्रमांकाचा, दुसरा रस्त्याच्या नावाचा. भाऊसाहेबांच्या बिऱ्हाडाला दोन्ही नाही. ‘एसटी स्टँडच्या मागे, किराणा दुकानाच्या वर, जिना बाहेरून’ असा पत्ता त्यांनी इंग्रजीत घातला. जपानी माणसाचं फार नम्र उत्तर आलं: जिन्याचा क्रमांक कळवावा. जिल्ह्यांच्या यादीत ठाणे होता, पालघर नव्हता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, ही बातमी त्या यादीपर्यंत पोचलेलीच नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण जव्हारच व्हायला हवं होतं असं मानणारी जुनी मंडळी गावात पुष्कळ आहेत; भाऊसाहेबांनी ती यादी त्यांना मुद्दाम दाखवली. “बघा, पालघर जपानलासुद्धा मान्य नाही,” म्हणून त्यांनी चहा पाजला.

पैसे भरताना कार्ड चालेना. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवं कार्ड देशाबाहेरच्या व्यवहारांना बंदच असतं, ते आपण मागून सुरू करून घ्यायचं. मोबाइलवर करता येतं. पण भाऊसाहेबांचा लेखी अर्जावर विश्वास. ते बँकेत गेले.

“परदेशात निघालात का?” मॅनेजरने विचारलं.

“नाही. परदेशातून मागवतोय.”

“काय?”

“सुरी.”

मॅनेजरने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारातल्या रखवालदाराकडे.

पार्सल निघालं आणि भाऊसाहेबांना क्रमांक मिळाला: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी जेपी. तो त्यांना आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या क्रमांकाआधी पाठ झाला. मोखाड्याला कामानिमित्त गेले तर रेंज मिळेपर्यंत टेकडी चढत. कचेरीतले लोकही पार्सलची चौकशी बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनेसारखी करू लागले. ओसाकाहून सुटली का? सुटली. विमानात बसली का? बसली. मुंबईत उतरली? उतरली. आणि मग एके सकाळी मोबाइलवर आलं की वस्तू सीमाशुल्क विभागाने रोखून ठेवली आहे. तेव्हापासून नाक्यावर कुणी “काय भाऊसाहेब?” एवढंच म्हटलं तरी उत्तर ठरलेलं: “मुंबईत अडकली आहे.”

यथावकाश मुंबईहून पत्र आलं. बॅलार्ड इस्टेटमध्ये विदेश डाक भवन आहे. परदेशी टपाल तिथे उघडलं, जोखलं जातं. वस्तू काय, कशासाठी, किंमत किती, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र, सगळं सादर करावं. इथे मला भाऊसाहेबांचं खरं दर्शन घडलं. दुसरा कुणी चिडला असता. ज्या माणसाने उभा जन्म लोकांचे अर्ज ‘त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावा’ असा शेरा मारून परत पाठवले, त्याच्या स्वतःच्या नावाने त्रुटीचं पत्र आलं होतं, आणि तो ते कौतुकाने वाचत होता. “मसुदा पाहा,” ते म्हणाले, “एक शब्द जास्तीचा नाही.” त्यांनी उत्तर लिहिलं ते ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर’ अशा थाटात, सहपत्रांच्या यादीसह. जपानी पावतीची सत्यप्रतही जोडली. ती एका राजपत्रित अधिकाऱ्याने मूळ प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्याची सही केली. त्यांना जपानी येत नाही, पण पावती उलटी धरलेली नव्हती एवढं मी पाहिलं.

या काळात भाऊसाहेबांनी शस्त्रांचे नियमही वाचून काढले. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांत मोडते. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली असेल तर नाही. त्यांनी २१० मिलिमीटरचं पातं पुठ्ठ्याचं कापलं, पट्टीवर ठेवलं. सव्वाआठ इंच आणि वर केसभर. तो पुठ्ठा ते खिशात बाळगत.

“मग माझा कोयता?” शिपायाने विचारलं. तो हातभर लांब होता.

“तुझं शेतीचं अवजार आहे. तुला सूट आहे.”

“आणि तुमची कशाची?”

“स्वयंपाकाची.”

“स्वयंपाक तुम्ही करता?”

भाऊसाहेबांनी पुठ्ठा खिशात ठेवला.

कराचा प्रश्न राहिलाच होता. जपान्याला त्यांनी पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहायची विनंती केली होती. पाच हजारांपर्यंतच्या परदेशी भेटीला पूर्वी माफी होती खरी. पण डिसेंबर २०१९ मध्ये ती गेली, उरली फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं. सुरी दोन्हींत बसवायचा भाऊसाहेबांनी एक कच्चा मसुदा केला होता, तो वहिनींनी फाडला. त्या वेळी हिशेब असा होता: सुरीची किंमत सात हजार, टपालखर्च दोन हजार, म्हणजे नऊ हजारांवर आकारणी. त्यावर ३५ टक्के सीमाशुल्क, ३१५०. त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, ३१५. मग या सगळ्या बेरजेवर २८ टक्के जीएसटी, ३४९० रुपये २० पैसे. एकूण कर ६९५५ रुपये २० पैसे, म्हणजे ७७.२८ टक्के. भाऊसाहेबांना कराचं दुःख नव्हतं. टपालखर्चावरही कर बसतो, याचं होतं. “पोस्टाच्या तिकिटाने मी काय कापणार आहे?” असं ते पोस्टात म्हणाले, आणि सुट्टे वीस पैसे शोधू लागले. पोस्टमनने, “राहू द्या भाऊसाहेब, रुपयात बसवू,” म्हणून त्यांची सुटका केली.

पार्सल घरी आलं. शेजारपाजार जमला. जपानी चिकटपट्टी अशी गच्च की नखाला दाद देईना. भाऊसाहेबांनी घरभर पाहिलं. कपाटातल्या सुऱ्यांना हात लावायचा नव्हता, विळीवर खोकं धरायला वहिनी तयार नव्हत्या. शेवटी शिपायाने कोयता काढला आणि एका झटक्यात खोकं उघडून दिलं.

सुरी देखणी होती, यात वाद नाही. टोमॅटोवर नुसती ठेवली तरी आपल्या वजनाने उतरत होती. पण पांढऱ्या कागदाच्या पोलादाला गंज चढतो आणि जव्हारच्या पावसात गंज माणसाच्या चष्म्यालाही चढतो. जपानी लोक पात्याला कमेलियाच्या फुलझाडाचं तेल लावतात. ते मागवायचं तर द्रवपदार्थ विमानाने कसा येणार, यावर भाऊसाहेबांची चौकशी सुरू झाली. तोवर वहिनींनी पात्याला खुरासणीचं तेल चोळून टाकलं. खुरासणी इथल्या वरकस जमिनीत पिकते. गंज थांबला. वहिनींनी त्याचा उल्लेखही केला नाही, हे भाऊसाहेबांना जास्त लागलं.

पुढे एकदा घरात पाहुणे असताना वहिनींच्या हाताला तीच सुरी लागली आणि त्यांनी तिने सुकं खोबरं कापलं. पात्याचा तिळाएवढा टवका उडाला.

जव्हार-मोखाडा रस्त्याच्या कडेला दिवाळीनंतर घिसाड्यांची पालं पडतात. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, बायको घण घालते. तिचा एक घाव चुकत नाही. ट्रकच्या तुटलेल्या कमानीची पट्टी तापवून, ठोकून, पाणी देऊन तुमच्यासमोर कोयता करून देतात, चार-पाचशे रुपयांत. अमेरिकेत हौशी लोहार असल्याच कमानीच्या पोलादाला ५१६० म्हणतात आणि त्याची सुरी दोनशे डॉलरला विकतात, हे भाऊसाहेबांना ठाऊक होतं. ते लाल झालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

घिसाड्याने जपानी पातं हातात घेतलं, नखाने वाजवलं, उन्हात तिरपं धरलं.

“सायेब, पाणी लई दिलंय ह्याला. कडक हाय, पन ठिसूळ. खोबरं न्हाई सोसायचं.”

पोलादाची कठिणता बासष्ट अंशांवर गेली की हेच होतं, हे भाऊसाहेबांनी कितीतरी रात्री जागून वाचलेलं होतं. घिसाड्याने सहाणेवर टवका काढला, वीस रुपये घेतले. वर भाऊसाहेबांनी एक कोयताही घेतला, चौदा इंची, शिसवी मुठीचा, आणि त्याचा फोटो त्यांच्या परदेशी सुरीबंधूंना पाठवला. पेनसिल्व्हेनियातल्या एका सुताराचं लगेच उत्तर आलं: अप्रतिम! हा इकडे पाठवाल का?

भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून पोस्टात हजर.

“आत काय?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“शेतीचं अवजार.”

“लांबी?”

“पातं चौदा इंच. पण शेतीचं असल्यामुळे नऊ इंचांची मर्यादा—”

“घेणारा शेती करतो?”

“सुतार आहे.”

बाईंनी सीमाशुल्काचा जाहीरनामा पुढे सरकवला. वस्तू, वजन, किंमत. “आणि किमतीची पावती लागेल. ज्याच्याकडून घेतला त्याची.”

भाऊसाहेबांनी मान डोलावली. मागणी रास्त होती. ते स्वतः त्या खिडकीत असते तर त्यांनीही पावतीच मागितली असती. ते रस्त्यावर आले तर पालं उठलेली. घिसाडी वाड्याच्या बाजूला गेले, असं कुणीतरी सांगितलं. भाऊसाहेबांनी कचेरीत येऊन अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ असं घातलं, कोऱ्या पावतीपुस्तकावर शाईचा पॅड ठेवून दोन्ही पिशवीत टाकले आणि वाड्याची एसटी धरली.