गोष्टी लिहायला नॉरिचला

"ताई, ऐकलंत का? आमच्या धाकट्या जावेची लेक इंग्लंडला चालली."

"वा! इंजिनिअरिंगचं पुढचं का?"

"कसलं इंजिनिअरिंग! गोष्टी लिहायला शिकायला. क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये एमए, नॉरिचला. भाऊजी कपाळाला हात लावून बसलेत. म्हणतात, पुलंनी कुठे डिग्री घेतली होती विनोदाची?"

जन्म कॉलेजच्या लायब्ररीत गेल्यामुळे नॉरिच म्हटल्यावर माझे कान टवकारलेच. कुंपणाच्या भिंतीला टेकून मी म्हटलं, "अहो, तो कोर्स नावाजलेला आहे. 1970 साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी काढला. पहिल्या वर्षी विद्यार्थी किती? एक!"

"एक? मग तो वर्ग कसला, शिकवणीच की!"

"पण तो एकटा म्हणजे इयन मॅकइवन. पुढे बुकर मिळालं त्याला. नंतर काझुओ इशिगुरो आला. आधी बेघर लोकांसाठी काम करायचा. 1980 मध्ये एमए झाला, तिथेच लिहायला घेतलेली कादंबरी 1982 मध्ये छापून आली. आणि 2017 ला नोबेल."

"थांबा, हे भाऊजींना सांगते."

"सांगा. पण तिथून शिकून गेलेल्या बाकीच्यांपैकी बहुतेकांची नावं आपण कधी ऐकली नाहीत, हेही सांगा."

"आणि वर्गात शिकवतात तरी काय?"

"शिकवत असं फारसं नाहीतच. आपल्या कथेच्या प्रती आधी सगळ्यांना वाटायच्या. मग वर्गात सगळे तिची चिरफाड करणार, आणि जिनं लिहिलं तिनं तोंड मिटून ऐकायचं."

"अगं बाई, म्हणजे मुलगी बघायला येतात तसंच! पोहे द्यायचे आणि खाली मान घालून बसायचं."

हसू आवरल्यावर मी पुढे सांगितलं, "ही तऱ्हा अमेरिकेतल्या आयोवाची. तिथलं रायटर्स वर्कशॉप 1936 पासूनचं. 1945 मध्ये जॉर्जियाहून एक पोरगी आली, फ्लॅनरी ओ'कॉनर. तिचे दक्षिणेकडचे हेल इतके जड, की वर्कशॉपचे प्रमुख पॉल एंगल यांना एक अक्षर कळेना. शेवटी त्यांनी कागद पुढे केला. तिनं लिहून दिलं, मी पत्रकार नाही, मला तुमच्या वर्गात घ्याल का?"

"घेतलं?"

"घेतलं तर! आज अमेरिकन कथा म्हटली की तिचं नाव पहिल्या काहीत येतं."

"आणि मास्तर? ते तरी बरे असतात ना?"

आता हे सांगावं की नाही? पण वहिनींनी कान इतका पुढे केला होता की राहवेना. "1973 मध्ये रेमंड कार्व्हर आणि जॉन चीव्हर दोघे तिथे शिकवायला होते. दोघेही नामांकित कथाकार आणि दोघेही पक्के पिणारे. कार्व्हरनंच सांगून ठेवलंय, टाइपरायटरवरचं कव्हरसुद्धा निघालं नाही म्हणून. पुढे दोघांनीही दारू कायमची सोडली, ते वेगळं."

"जावेला नका सांगू हं हे!"

"नाही सांगत. आपले दिलीप चित्रेही आयोवाला राहून आले 1975 मध्ये, पण ते शिकायला नव्हे. तिथे 1967 पासून देशोदेशींच्या लेखकांना बोलावतात, तो कार्यक्रम निराळा."

"ते जाऊ द्या. प्रतिभा अशी शिकवता येते का हो?"

"आयोवावाले स्वतःच म्हणतात, शिकवता येत नाही हे काही अंशी खरंच, असलेली वाढवता येते. मला विचाराल तर तिथे मिळतो तो निवांत वेळ, लिखाण द्यायची ठरलेली तारीख आणि नात्यात नसलेले वाचक. आपल्याकडे पोरीनं कथा लिहिली की आत्या म्हणते छान, आणि मामा विचारतो, यातली सासू म्हणजे आपली हीच ना?"

"अगदी! मागे तिच्या कथेवरून घरात दोन दिवस अबोला होता. बरं, पैशाचं काय?"

"अमेरिकेत चांगल्या ठिकाणी फी माफ होते, वर खर्चाला पैसे देतात, बदल्यात बहुधा पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचं. पण दोन-तीन वर्षं जातात. इंग्लंडात वर्षभरात आटपतं, पण परदेशी मुलांना फी जबर."

"म्हणजे पाठवावं की नाही?"

"स्कॉलरशिप मिळाली तर खुशाल पाठवा. घर गहाण टाकून मात्र नको. ही डिग्री काही नोकरी देत नाही, वहिनी."