निळ्या पाण्याचे कारभारी

अलिबाग-किहीमच्या बाजूस नारळी-पोफळींच्या आड ज्यांनी बंगले बांधले आणि बंगल्यापुढे पोहण्याचे तलाव खोदले, त्या गृहस्थांपैकी फारच थोड्यांना पोहता येते. आणि ज्यांना येते त्यांना तलावात उतरण्याची सवड मिळत नाही, कारण तलावात पाणी भरले त्या दिवसापासून ते त्याचे उपभोक्ते राहत नाहीत, कारभारी होतात. खांद्यावर पंचा, हातात लांब दांड्याचा ब्रश आणि दृष्टी तळाशी खिळलेली, अशा थाटात धनी काठाकाठाने प्रदक्षिणा घालू लागले, की घरच्या मंडळींनी ओळखावे, नवा डाग उमटला आहे.

डाग उमटला की तपास सुरू होतो, आणि संशयितांची यादी नेहमी आप्तस्वकीयांपासूनच सुरू होते. मुक्कामाला आलेले मेहुणे अंगाला खोबरेल चोपडून उतरले होते काय, सूनबाईंच्या केसांना मेंदी होती काय, नातवंडांनी काठावर बसून जांभळे खाल्ली काय, याबद्दल रीतसर जबान्या घेतल्या जातात. वास्तविक तांबूस डागाचा गुन्हेगार बहुधा परसातल्या बोअरमध्ये दडलेला असतो. जमिनीच्या पोटातील पाण्यात लोहाचा अंश असला, तरी तो विरघळलेला असेतो डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्या नितळ पाण्यात क्लोरिनची भुकटी पडली, की लोहाचा गंज होतो आणि पायऱ्यांवर, फरशीवर, सांध्यासांध्यांतून तळ ठोकतो. ज्या औषधाने पाणी शुद्ध व्हावे त्यानेच डाग उघडकीस आणावा, हे धन्यास पटवणे मोठे कठीण. कारण औषध त्यांनी स्वहस्ते टाकलेले असते आणि मेहुणे पत्नीच्या बाजूचे असतात.

दुसरा संशयित प्रत्यक्ष काठावरच उभा असतो. सावलीसाठी म्हणून धन्यांनी हौसेने लावलेले बदामाचे झाड आपली लालभडक पाने पाण्यात सोडते, आणि पान दोन दिवस तळाशी राहिले की त्यातील टॅनिनमुळे त्याची हुबेहूब तसबीर फरशीवर उमटते. माळी म्हणतो, ‘‘साहेब, सकाळ-संध्याकाळ जाळीनं पानं काढली की झालं.’’ पण शास्त्रोक्त उपाय इतका स्वस्त असेल, यावर साहेबांचा विश्वास बसत नाही.

म्हणून ते परीक्षा घेतात. परीक्षा खरीच सुंदर आहे: जीवनसत्त्व ‘क’ची गोळी डागावर दाबून धरावी, डाग फिकटला तर तो लोहाचा, आणि गोळीस न जुमानता क्लोरिनने गेला तर पानांचा. औषधाच्या दुकानदाराने एवढ्या गोळ्या कोणासाठी, असे विचारल्यास ‘‘तलावाला’’ असे गंभीर उत्तर मिळते. डाग लोहाचा ठरला, की गोळीतले हेच आम्ल पुडक्यांनी ओतले जाते आणि तासाभरात फरशी लख्ख होते. त्या संध्याकाळी धनी चहाबरोबर दोन भजी अधिक घेतात.

मात्र हे आम्ल क्लोरिनलाही गिळून टाकते. बंदोबस्त उठलेल्या मुलखात पेंढारी शिरावेत तसे शेवाळ शिरते. मग शेजारच्या बंगल्यातील तज्ज्ञ मोरचूद सुचवतात. मोरचुदाने शेवाळ मरते खरे, पण त्यातले तांबे पाण्यात राहते, आणि पाण्याचा सामू चढला की निळसर-हिरव्या डागांच्या रूपाने भिंतीवर हजर होते. हा सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान राखायचा असतो, आणि त्यासाठी नळीत पाणी घेऊन, तांबडे थेंब टाकून, रंग ताडून पाहायचा असतो. धन्यांना जो रंग केशरी दिसतो तो पत्नीस स्वच्छ गुलाबी दिसतो. या विषयावर त्या घरात जितका ऊहापोह झाला आहे, तितका मुलीच्या स्थळाविषयीही झाला नसेल. तांब्याचा एक लाभ मात्र पदरात पडतो: मेहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र केसांना हिरवी झाक येते, आणि बंदी असताना तलावात कोण उतरले होते याचा बिनतोड पुरावा हाती लागतो.

अखेर बोअरवरचा विश्वास उडून धनी तलाव उपसतात आणि बाहेरून टँकर मागवतात. टँकर फाटकाशी येतो. धनी शिडीवर चढतात, झाकण उघडून विजेरीच्या उजेडात आत डोकावतात, आणि त्या पोलादी टाकीच्या गंजलेल्या भिंतींचा पंचनामा करीत तेथेच उभे राहतात. चालकाची बिडी संपत येते.

‘‘शेठ,’’ तो खालून विचारतो, ‘‘पानी सोडू का माघारी नेऊ? पैसं दोन्हीचं सारखंच.’’