‘९९०० एमएएच’वाल्यांना अनावृत पत्र

देवळाली कॅम्प, जि. नाशिक

श्री. रा. रा. सेलच्या सालीवर आकडे छापणारे महाशय यांस,
मु. पो. गुलदस्त्यात

सा. न. वि. वि.

पत्र असं चव्हाट्यावर लिहितोय, राग नसावा. पाकिटात घालून धाडलं असतं, पण पाकिटावर पत्ता लागतो आणि तो तुम्ही सेलवर छापलेला नाही, खोक्यावर नाही, बिलावरही नाही. छापलंय ते एवढंच: निळ्या प्लास्टिकवर विजेचा चंदेरी लोळ, एक भारदस्त इंग्रजी नाव आणि त्याखाली चष्म्याशिवाय वाचता यावं अशा टायपात ‘३.७ व्होल्ट, ९९०० एमएएच’ (म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप).

आधी अभिनंदन. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा नळकांड्याला जग १८६५० म्हणतं. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन सेल बाजारात आणला, तेव्हापासून मोठमोठ्या कंपन्या असल्या नळकांड्यांत जास्तीत जास्त वीज कोंबायच्या मागे आहेत. पॅनासॉनिकचा गाजलेला सेल ३४०० एमएएचपर्यंत पोचला, सॅमसंग आणि एलजी ३५०० पर्यंत. या बॅटरीच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. बिचारे जन्मभर रसायनशास्त्रात अडकून पडले. तुम्ही तेच काम छपाईत उरकलंत, आणि तेही जवळजवळ तिप्पट!

टेस्लाच्या पहिल्या रोडस्टर गाडीत याच आकाराचे, पण त्या काळच्या कमी क्षमतेचे, ६८३१ सेल होते. एका चार्जमध्ये ती साधारण ३९० किलोमीटर जायची. तुमचे सेल बसवले असते, तर देवळालीहून निघालेली गाडी दिल्ली गाठून परतीच्या निम्म्या वाटेपर्यंत आली असती. टेस्लावाल्या मस्क यांना तुमचा पत्ता सापडला नाही, दुसरं काय!

आता मुद्द्याचं. माझी भाची डिप्लोमाला आहे. विकतचा व्हीआर, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारा, हेडसेट तिच्या भाऊबिजेच्या ओवाळणीत बसणारा नव्हता, म्हणून तिने तो घरीच बांधायला घेतला. साडेपाच इंची एचडीएमआय पडदा, दोन भिंगं, वायरलेस एचडीएमआयचा रिसीव्हर, मान कुठे वळली ते ओळखणारी एमपीयू-६०५० ही चिप आणि ती खबर वाय-फायवरून कॉम्प्युटरला देणारा ईएसपी-३२. कवच थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं, पट्टा जुन्या हेल्मेटचा. फ्रान्समधल्या पोरांनी ‘रिलेटिव्हटी’ नावाचा असाच घरगुती हेडसेट करून त्याचे आराखडे सगळ्या जगाला खुले केलेत, त्यावरून तिला हुरूप आला. मात्र त्या हेडसेटला वायर आहे आणि हिला वायर नको होती. डोळे झाकलेले आणि पायात वायर, असा खेळ आमच्या घराच्या तीन पायऱ्यांवर खेळण्यासारखा नाही, हे मलाही पटलं.

पण महाशय, वायर काढली की एक अडचण होते. तिच्यातून चित्रही यायचं आणि वीजही यायची. चित्र हवेतून येतं. वीज येत नाही, ती डोक्यावर वाहावी लागते. हे बड्या बड्यांना चुकलेलं नाही. एचटीसीने २०१८ मध्ये आपल्या व्हाइव्ह हेडसेटची वायर सोडवली, तर खेळणाऱ्याच्या खिशात पॉवर बँक द्यावी लागली. क्वेस्ट २ या बिनवायरच्या हेडसेटच्या पोटात ३६४० एमएएचची, म्हणजे सुमारे १४ वॉट-तासांची बॅटरी आहे आणि ती दोन-तीन तासांत मान टाकते.

भाचीने वहीत हिशेब मांडला. सगळा संसार मिळून पाच व्होल्टला दोन अँपिअर, म्हणजे दहा वॉट. तुमचा एक सेल ९.९ गुणिले ३.७, म्हणजे साडेछत्तीस वॉट-तास. असे दोन समांतर जोडले की त्र्याहत्तर. क्वेस्ट २ च्या पाचपट! व्होल्टेज चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर थोडी वीज खातो, ती वजा जाता सहा तास. “मामा, सहा तास!” ती म्हणाली. हिशेबात एकही चूक नव्हती. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, एककं बरोबर. त्यातला एकच आकडा तिने मोजलेला नव्हता, वाचलेला होता. तो तुमचा.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगतो. पडदा उजळायचा, रिसीव्हरचा लोगो यायचा, भाची मान वळवायची की काळोख. पुन्हा लोगो, पुन्हा काळोख. लॅपटॉपवर ईएसपी-३२ चा ठरावीक निरोप झळकायचा: ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’. ईएसपी-३२ वर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निरोप कधी ना कधी वाचलेला असतो. साध्या मराठीत, व्होल्टेज इतकं पडलं की मी आता पहिल्यापासून सुरू होतोय.

असं का होतं? ईएसपी-३२ च्या वाय-फाय रेडिओने खबर धाडली की ती चिप क्षणभर जास्त करंट ओढते. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध काही दशक मिलिओहम असतो, त्याला याचं काही वाटत नाही. झिजलेल्या किंवा निकृष्ट सेलचा रोध कित्येक पट जास्त, त्यामुळे करंट ओढला की व्होल्टेज जागच्या जागी बसतं. त्यात बूस्ट कन्व्हर्टर मोठा हट्टी. त्याला पलीकडे दहा वॉट द्यायचेच असतात. सेलवर चार व्होल्ट असले तर तो तीनएक अँपिअर ओढतो, ३.३ वर आले तर साडेतीन. व्होल्टेज पडलं म्हणून करंट वाढतो आणि करंट वाढला म्हणून व्होल्टेज आणखी पडतं. सावकाराच्या व्याजासारखं हे वाढत जातं आणि शेवटी दिवा विझतो. मल्टीमीटर लावून ठेवला होता, त्यावर हे सगळं डोळ्यांदेखत दिसत होतं: ४.१, ३.६, ३.१, काळोख.

तुमचा सेल मी कॅम्पातल्या ओळखीच्या सराफाकडे नेला. त्याने सोन्याच्या काट्यावर ठेवला, आकडा पाहिला, उचलून तळव्यावर झेलला आणि म्हणाला, “पोकळ लागतोय.” २८ ग्रॅम. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला नामांकित कंपनीचा सेल शेजारी ठेवला, तो ४५ भरला. सराफाला लिथियममधलं काही कळत नाही, वजनातलं कळतं. मग क्षमता मोजायच्या यंत्रावर लावला. पूर्ण भरून पूर्ण रिकामा करताना आकडा ९६० वर थांबला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तुमच्यावर आपण उगाच संशय घेतोय. छापताना एक शून्य जास्त पडलं असणार. मुद्रणदोष कुणाकडून होत नाहीत?

जिथून सेल मागवले तिथे भाचीने तक्रार केली. उत्तर आलं, “चार्जर बदलून पाहा.” या उत्तरावर मी हसलो. नंतर हसू मावळलं, कारण चार्जरचीच गोष्ट गंभीर आहे.

लिथियमचा सेल किती करंटने भरायचा हे त्याच्या क्षमतेवरून ठरवतात. क्षमतेच्या निम्म्याने भरणं ही रूढ, सोसणारी चाल. भाचीने प्रत्येक सेलला एक अँपिअर देणारा चार्जर निवडला. ९९०० च्या सेलला एक अँपिअर म्हणजे दहावा हिस्सा. अगदी जपून. आणि ९६० च्या सेलला? तोच एक अँपिअर त्याच्या अख्ख्या क्षमतेहून जास्त. सेल इतका तापला की होल्डरचं प्लास्टिक मऊ पडलं. पोरीने काळजी घेतली होती, महाशय. तुमच्या आकड्याने तिच्या काळजीचाच घात केला. किती करंटने भरायचं, किती वेळ भरायचं, केव्हा थांबवायचं, हे सगळं त्या एका आकड्यावर उभं असतं. कापडवाला पन्ना दोन इंच कमी देतो, दूधवाला पाणी घालतो, त्यात आपण पैशाला बुडतो. तुमचा माल डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा होता. कवटी आणि सेल यांच्यामध्ये चार मिलिमीटर प्लास्टिक आणि अर्धा इंच फोम. तापलेला लिथियम सेल एकदा बिथरला की आतली उष्णताच पुढची उष्णता तयार करते आणि मग तो विझवणं कुणाच्या हातात राहत नाही. वरून डोळे झाकलेले, कानात आवाज. धुराचा वास येईपर्यंत तिला कळलं नसतं.

आमचं गाव तोफखान्याचं आहे. स्कूल ऑफ आर्टिलरी इथे आहे, दरवर्षी ‘तोपची’ सराव इथल्या रेंजवर होतो. तोफेच्या दारूचे चार्ज क्रमांकाने ओळखतात, आणि चार्ज अमुक, नळीचा कोन अमुक, तर गोळा अमुक ठिकाणी, असा तो हिशेब. चार्ज तीनच्या पिशवीवर कुणी चार्ज नऊ छापून पाठवला तर काय होईल, हे इथल्या शाळकरी मुलालाही सांगता येईल. छापणाऱ्याचं काय होईल, हेही. तुम्ही सेलच्या धंद्यात पडलात, तोफखान्यात नाही, ही तुमच्या घरच्यांची पुण्याई.

तुमच्या जातभाईंबद्दलही जाता जाता. वीस हजारी पॉवर बँकेवर बऱ्या कंपन्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पाच व्होल्टला प्रत्यक्ष मिळणारी क्षमताही छापतात, ती बाराएक हजारांच्या घरात असते. मोठा आकडा ३.७ व्होल्टच्या हिशेबाने, छोटा पाचच्या. ही चलाखी म्हणा हवं तर, पण तिचा उलगडा त्याच डब्यावर असतो. तुमच्या आकड्याला कुठल्याच व्होल्टचा आधार नाही.

आणखी एक विनंती. हे दोन सेल परत कुठे पाठवू? घंटागाडीत टाकता येत नाहीत. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले तर पेट घेतील, आणि गाडीवरच्या माणसाने तुमचं काही घोडं मारलेलं नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. उत्पादक म्हणजे तुम्ही. त्यासाठी तरी नाव-पत्ता कळवा. तोवर सेलची टोकं चिकटपट्टीने झाकून, कुंडीतल्या कोरड्या वाळूत, घराबाहेर ठेवले आहेत. पाहुणचारात काही उणं नाही.

हेडसेटचं म्हणाल तर चालतो. पक्क्या बिलाने आणलेले ३००० एमएएचचे दोन सेल, संरक्षक सर्किट, योग्य फ्यूज, आणि सगळा डबा डोक्याच्या मागे, म्हणजे पुढच्या पडद्याच्या वजनाला तोल मिळतो. दीड-पावणेदोन तास जातो. मान वळल्यावर चित्र किंचित उशिरा वळतं, पण ते दुखणं रिसीव्हरचं आहे, त्याला वेगळं पत्र लिहीन.

कळावे. ‘लोभ असावा’ असं शेवटी लिहायची पद्धत आहे. तुमच्याकडे तो आधीच जरुरीपेक्षा जास्त दिसतो.

आपला,
एका भाचीचा मामा

ता. क. (महाशयांसाठी नव्हे, वाचकांसाठी): १८६५० सेलवर चार हजारांच्या वरचा आकडा दिसला तर घेऊ नका. वजन करा, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सेलवर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि कुतूहल म्हणून सेल चिरून आत काय आहे ते पाहू नका, आत लिथियम आहे.