भयरसिक

सदाशिव पेठेत घाबरायलाही पात्रता लागते. अंधारात कुणी ‘भॉक’ केलं आणि तुम्ही दचकलात, तर त्याला इथे कुणी रसिकता म्हणत नाही. तो नुसता भित्रेपणा. आपण नेमकं कशाला घाबरलो, त्या क्षणी कॅमेरा कुठे होता आणि व्हायोलिनं कधी सुरू झाली, हे ज्याला नंतर सांगता येतं तोच खरा भयरसिक. अशा रसिकांचे आद्य आचार्य आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो.

अण्णा पत्ता सांगतात तो ‘खुन्या मुरलीधराच्या मागे’ असा, आणि सांगताना ‘खुन्या’वर जरा जास्तच जोर देतात. ज्या पेठेत देवाच्या नावातच खून आहे, तिथे हिचकॉकला परकं वाटायचं कारणच काय, असा त्यांचा सवाल असतो. बँकेत असताना त्यांनी महिनाभराची सलग रजा एकदाच काढली. घरच्यांना वाटलं, आता चारधाम होणार. अण्णा गेले लॉ कॉलेज रस्त्यावर, फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या रसास्वाद वर्गाला. त्यानंतर त्यांनी एखादा सिनेमा साधेपणाने पाहिल्याचं कुणाला आठवत नाही.

“भरतमुनींनी भयानक रसाला शृंगाराच्या पंगतीत बसवलंय,” ते म्हणतात. “हास्याला एकपात्री प्रयोग आहेत, वीराला पोवाडे आहेत, करुणाला संध्याकाळच्या मालिका आहेत. भयानकाला कोण वाली? म्हणून आमचा हॉल.”

तर शनिवारी रात्री नऊला अण्णांच्या हॉलमध्ये खेळ असतो. १९६० साली ‘सायको’ लागला तेव्हा हिचकॉकने फर्मान काढलं होतं, की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. अमेरिकेतले लोक तोवर वाटेल तेव्हा थिएटरात शिरायचे, त्यामुळे या नियमाचा फार गाजावाजा झाला. सदाशिव पेठेला यात काही नवीन वाटण्याचं कारण नव्हतं. अण्णांच्या दारावर पाटीच आहे : ‘९ नंतर बेल वाजवू नये. आत सर्वजण घाबरण्यात व्यग्र आहेत.’

आत शिरल्यावर मोबाइल परडीत टाकायचा. चिवडा मध्यंतरात मिळतो, कारण अण्णांच्या मते पोह्यांची कुरकुर पार्श्वसंगीतात ढवळाढवळ करते. किंचाळायला बंदी नाही, पण ते योग्य जागी हवं. गाण्याच्या बैठकीत सम चुकवून दाद देणाऱ्याकडे बुजुर्ग जसे बघतात, तसे अण्णा चुकीच्या जागी किंचाळणाऱ्याकडे बघतात.

एवढी शिस्त पाळून आपण घाबरायच्या बेताला येतो, तेवढ्यात अण्णा सिनेमा थांबवतात. ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या प्रसंगात तर हटकून. पडद्यावर नायिका तोंड उघडं ठेवून अण्णांचं बोलणं संपायची वाट बघत असते आणि अण्णा हातातल्या रिमोटने तिच्याकडे निर्देश करत सांगत असतात : प्रसंग पाऊण मिनिटाचा, पण त्यासाठी कॅमेऱ्याच्या सत्तरच्या वर जागा लावल्या, शूटिंग आठवडाभर चाललं. सुरा अंगात शिरताना तुम्ही पाहिला असं तुम्हाला वाटतं, पाहिलेला नसतो. संगीतात फक्त तंतुवाद्यं. मुळात हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं, संगीतकार बर्नार्ड हरमनने ऐकलं नाही म्हणून बरं. आणि रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. कृष्णधवल सिनेमात कुणाला कळतंय!

“एवढं चॉकलेट मोरीत घालवलं?” स्वयंपाकघराच्या दारातून काकू विचारतात. हॉलमधली शेवटची भीती तिथे संपते.

‘रिअर विंडो’ (१९५४) हा अण्णांचा जिव्हाळ्याचा विषय. पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेला फोटोग्राफर समोरच्या खिडक्यांत डोकावतो आणि त्याला खुनाचा संशय येतो. हिचकॉकने सबंध चौक स्टुडिओत उभा केला होता, याचं जगाला कौतुक. अण्णांचं बालपण वाड्यात गेलं. पहिल्यांदा सिनेमा पाहिला तेव्हा त्यांना एकच गोष्ट पटली नाही. शेजाऱ्यांकडे बघायला पाय कशाला मोडावा लागतो? आमच्या वाड्यात धडधाकट माणसं हे काम वर्षानुवर्षं करत होती आणि त्यांना दुर्बीणही लागत नव्हती.

‘द बर्ड्स’ (१९६३) त्यांनी नेमका पितृपंधरवड्यात दाखवला. या सिनेमाला रूढ अर्थाचं पार्श्वसंगीत नाही, पक्ष्यांच्या आवाजांवरच सगळा खेळ आहे, हे त्यांनी नीट समजावून दिलं. ते इतकं नीट समजलं, की दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं पान घेऊन गच्चीवर जायला इमारतीत कुणी तयार होईना.

अण्णांची खरी गुरुकिल्ली मात्र टेबलाखालचा बॉम्ब. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हिचकॉकने सांगितलं होतं : दोघं गप्पा मारत बसलेत आणि एकदम बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब ठेवलाय आणि तो कधी फुटणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच फुटकळ गप्पांत पंधरा मिनिटं जीव टांगणीला. हे तत्त्व अण्णांनी संसारात आणलं. काकूंच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणायला ते गेले. आल्यावर पाकीट टेबलावर ठेवलं, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि खुर्चीत बसून पंख्याकडे बघू लागले.

“आला का रिपोर्ट?”

“आला.”

“साखर किती निघाली?”

“आधी चहा टाक.”

“अहो, पण चहात साखर घालू का, एवढं तरी सांगा!”

मराठी सिनेमाचा विषय निघाला की अण्णांचा आवाज चढतो. बायकोला अग्नी देऊन आलेल्या वकिलासमोर तीच बायको आरोपी म्हणून उभी राहते, ही ‘पाठलाग’ची (१९६४) कल्पना, दिग्दर्शन राजा परांजपे यांचं. दोनच वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला. “‘वो कौन थी’ काढणाऱ्या माणसालासुद्धा शेवटी आमच्या राजाभाऊंच्या दारी यावं लागलं,” हे वाक्य अण्णा उभं राहून म्हणतात. झुमका पडला बरेलीत. पण मूळ कथानक इथलं, हे बाहेरगावच्या पाहुण्याला दोनदा ऐकावं लागतं. शेवट मात्र ते मरेतो सांगणार नाहीत. सूनबाई अजून विचारतात, ती बाई नक्की कोण?

रामसे बंधूंचं नाव या हॉलमध्ये घ्यायचं नाही. “भूत दिसलं, की भीती संपली,” हा निकाल. काकूंना हे मान्य नाही. दुपारी टीव्हीवर ‘पुराना मंदिर’ (१९८४) लागला, की त्या गवार निवडत बसतात आणि सामरी आला की मनापासून घाबरतात. कुठला कॅमेरा, कुठलं व्हायोलिन. अण्णा तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचतात. दार किलकिलं असतं आणि तासभर पेपरचं पान उलटल्याचा आवाज येत नाही.

नातवाने मध्यंतरी ‘तुंबाड’ दाखवला. त्याची मुळं नारायण धारपांच्या कथांपर्यंत जातात हे कळल्यावर अण्णांनी सिनेमाला तिथल्या तिथे उत्तीर्ण केलं. धारप पुण्याचे ना.

एका शनिवारी कुणीतरी ‘माफीचा साक्षीदार’ लावा म्हणालं. नाना पाटेकरचा, १९८६चा, जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा. १९७६च्या जानेवारीपासून १९७७च्या मार्चपर्यंत पुण्यात दहा खून झाले आणि ते करणारी निघाली कॉलेजातली पोरं. त्या काळात दिवेलागणीलाच रस्ते ओस पडत. बेल वाजली, की घरातले एकमेकांकडे बघत आणि आवाज ओळखल्याशिवाय कडी निघत नसे. अण्णा तेव्हा ऐन विशीत होते. दोषींना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

“तो नको,” अण्णा म्हणाले. “कॅमेरा दिसतो तोवर घाबरण्यात मजा आहे. त्या वर्षी तो दिसत नव्हता.” आणि त्यांनी मुकाट्याने ‘महल’ लावला. त्या रात्री सिनेमा एकदाही थांबला नाही.

अण्णांच्या साऱ्या व्याख्यानांपेक्षा मला हे जास्त पटलं. भीतीचा आस्वाद ही निर्धास्त माणसाची चैन आहे. दिवा लावला की आपली भिंत आपल्या जागी आहे, काकू चिवडा घेऊन येताहेत, याची खात्री असेल तरच माणूस हौसेने अंधारात बसतो. ती खात्री अण्णा दर शनिवारी फुकट देतात. व्याख्यान हा त्यावरचा कर समजावा.

तेव्हा तुमच्याही गल्लीत असे कुणी अण्णा असतील तर त्यांच्याकडे एकदा जाऊन ‘सायको’ पाहाच. नऊला पाच कमी असताना पोचा. फक्त तो आधी पाहिलाय हे चुकूनही बोलू नका. तोंडी परीक्षा घेतात.