अर्थिंगवाले नाना

नाना कुणावर विश्वास ठेवत नाहीत. दूधवाल्यावर नाही, हवामान खात्यावर नाही आणि आधीच्या मालकाच्या वायरमनवर तर मुळीच नाही. या वायरमनला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी होतो. कारण नानांच्या १९७८च्या प्रीमियर पद्मिनीत डॅशबोर्डखाली हात घातला, की एखादी अशी वायर हाती लागते, जी कुठून येत नाही, कुठे जात नाही आणि कापली तर हॉर्न बंद पडतो.

नाना बँकेत तपासणी विभागात होते. निवृत्त झाले ते बँकेपुरते. गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचं निदान ठरलेलं असतं: "अर्थिंग." हेडलाइट मंद? अर्थिंग. सेल्फ नुसता कुंथतोय? अर्थिंग. लिफ्ट अडकली तेव्हाही त्यांनी आतून हेच ओरडून सांगितलं म्हणतात. लिफ्टचं माहीत नाही, पण गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा ते बरोबर ठरतात, हाच खरा वैताग आहे. दिव्यातून गेलेला करंट बॅटरीच्या मायनसकडे परततो तो गाडीच्या पत्र्यातूनच. पत्रा गंजला किंवा कुणी हौसेने त्यावर रंग थापला, की वाट बंद. मग करंट शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून आडवाटेने घर गाठायला बघतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो तो त्यामुळे.

हे तपासायला मागे नाना लागतात आणि पुढे ब्रेक दाबायला दुसरा कुणीतरी. सोसायटीत तो ब्रेक दाबला नाही असा माणूस सापडणं कठीण. वॉचमन, पेपरवाला, एकदा तर कुरिअर द्यायला आलेला पोरगा. जावई दिवाळसणाला आले तेव्हा त्यांचं औक्षण नंतर झालं.

"दाबा."

"दाबला, नाना."

"सोडा. आता धरून ठेवा. पाय हलवू नका हो!"

मागे नाना उकिडवे बसलेले. मीटरचं एक टोक दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला, दुसरं लांब वायर जोडून पुढे बॅटरीच्या मायनसला. दिवा चालू असताना इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. आकडा वाचून नाना विजयी मुद्रेने उठले. "दीड व्होल्ट! बारातले दीड वाटेतच खाल्ले. अफरातफर आहे ही!" मग पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळला, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. जावई तोवर ब्रेक धरून होते. सोडा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

बॅटरीला हात लावायचा तर मात्र नाना सोवळ्यात असल्यासारखे वागतात. अंगठी आणि घड्याळ नानींच्या स्वाधीन. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला, तर मायनस निघालेला असल्यामुळे ठिणगी पडत नाही. यावरून पलीकडच्या इमारतीतल्या मॉरिस मायनरवाल्यांशी त्यांचं कायमचं वाजलं आहे. त्या जुन्या मॉरिसमध्ये बॉडीला प्लस असतो, म्हणून ते आधी प्लस काढतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यामुळे भांडण मिटायची काही शक्यता नाही.

नानांच्या मते माणसाचं चारित्र्य फ्यूजवरून कळतं. गाडी घेतली तेव्हा ८ अँपिअरच्या एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. अशी चांदी केली की फ्यूज उडत नाही, वायर पेटते. ती चांदी नानांनी पुरावा म्हणून डबीत जपून ठेवली आहे. पुतण्याने शंभर वॉटचे हॅलोजन आणले तेव्हा त्याला तिथेच उभं करून हिशेब घातला: दोन दिवे, दोनशे वॉट, बारा व्होल्ट, म्हणजे साडेसोळा अँपिअरच्या वर. आणि हे सगळं जायचं कुठून, तर स्टिअरिंगजवळच्या त्या म्हाताऱ्या स्विचमधून! पुतण्या हॅलोजन घेऊन परत गेला. रिले आणल्याशिवाय त्याला पार्किंगमध्ये प्रवेश नाही.

स्पेअरसाठी नाना लोकलने कुर्ल्याला जातात. गाडी तिथल्याच प्रीमियरच्या कारखान्यात जन्मली, पण तिला माहेरी न्यायचा धोका ते पत्करत नाहीत. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा सगळे हळहळले. नानांनी तेवढ्यात डिपर स्विच शोधून ठेवले.

मागच्या पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरू लागली. नानांनी मायनस काढून, ती वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडला. सगळं बंद असूनही लॅम्प मंद पेटला. म्हणजे चोर आतच. एकेक फ्यूज काढत गेले, पण लॅम्प विझेना. फ्यूजला वळसा घालून कुणीतरी थेट बॅटरीवरून वायर खेचली होती. नाना ती वायर बोटाने चाचपत निघाले आणि पोहोचले डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या मागच्या लाल दिव्याशी. पाच वॉटचा दिवा, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर!

कटर उचलला, तोच वरून नानींचा आवाज आला, "हात लावून बघा त्याला."

तोडगा दुपारी निघाला. वायर चावीवर घेतली, म्हणजे गाडी उभी असताना दिवा बंद. आणि तिला जोडला छोटासा स्वतंत्र फ्यूज.

"देवाला फ्यूज?" नानी म्हणाल्या.

"देवावर माझा पूर्ण विश्वास आहे गं," नाना टेप गुंडाळत म्हणाले, "पण वायर त्या वायरमनने टाकलीय."