एक्कावन्न पॉइंट तीन

प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक तरी असतातच. तुमच्याही आहेत. आरतीला उशिरा येतात, कारण हायवेवर ताशी पंचावन्न मैलांच्या पुढे जात नाहीत. आणि आल्या आल्या, कुणी न विचारता, आकडा सांगतात. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या काकांचा आकडा एक्कावन्न पॉइंट तीन. गॅलनमागे ५१.३ मैल. त्यातला पॉइंट तीन महत्त्वाचा. नुसतं एक्कावन्न म्हटलं तर थाप वाटेल. पॉइंट तीन म्हटलं की समोरचा गप्प बसतो. मंडळातली पोरं त्यांना पाठीमागे 'पॉइंट तीन' असंच म्हणतात.

गाडी हायब्रीड. कंपनी कोणती ते मी सांगणार नाही, आणि काकाही सांगत नाहीत. जुन्या वळणाने ते तिला नुसतं 'ही' म्हणतात. काकूंनाही 'ही'च म्हणतात. त्यामुळे "ही थंडीत जरा कुरकुरते, पण एकदा गरम झाली की आवाज नाही" हे ऐकून चहाला आलेल्या पाहुण्याने कुणाकडे बघावं ते त्याला कळत नाही. काकू कपबशी मुद्दाम आपटून ठेवतात. काकांच्या हृदयाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, इजेक्शन फ्रॅक्शन पंचावन्न टक्के, उत्तम आहे. काका खुशीत म्हणाले, "म्हणजे हिच्यापेक्षाही जास्त!"

गाडी २००६ची. टोयोटाची प्रियस जपानमध्ये आली १९९७ साली. इथे अमेरिकेत आधी १९९९च्या डिसेंबरात होंडाची इन्साइट आली, मग २००० साली प्रियस. म्हणजे काकांनी घेतली तेव्हा लोक अजून "रात्री प्लग लावता का हो?" असं विचारायचे. त्या वर्षी सरकार हायब्रीडला मॉडेलनुसार ३,४०० डॉलरपर्यंत आयकरात सवलत देत होतं, आणि २००८च्या जुलैत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. त्या उन्हाळ्यात काका जे बोलायला लागले ते अजून थांबलेले नाहीत.

त्यांना बघायचं तर पंपावर बघावं. न्यू जर्सीत १९४९पासून कायदाच आहे, गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायचं नाही. जानेवारीत अख्खं राज्य काचा वर करून गाडीत सुखाने बसतं, आणि काका एकटे खाली उतरतात. पंपावरचा पंजाबी पोरगा नळी लावतो. काका त्याच्या खांद्यामागे, एका हातात डायरी, पेनाचं टोपण दातात. "पहिल्या क्लिकला थांबायचं. वरून थेंब नाही घालायचा." तो बिचारा सवयीने विचारतो, "राउंड फिगर कर दूँ, अंकल?" काका टोपण दातातून काढतात. मग त्या पोराला जे ऐकावं लागतं त्यात दशांश चिन्हाचा उल्लेख बऱ्याचदा येतो.

आता यातली मेख सांगतो. पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून त्या काळच्या काही हायब्रीडच्या टाकीत एक लवचिक पिशवी बसवलेली असे. थंडीत ती आखडते. टाकीत भरपूर जागा असावी आणि नळी मात्र खाडकन बंद व्हावी, असं होतं. मैलांना त्या कमी भरलेल्या गॅलनांनी भागलं की ॲव्हरेज येतं बासष्ट. पुढच्या खेपेला पिशवी सैलावली की येतं त्रेचाळीस. बासष्ट आलं तर काका शाईने लिहितात. त्रेचाळीस आलं तर पंपाचं मीटर खराब. यातून नेमकं एक्कावन्न पॉइंट तीन कसं निघतं, असं मी विचारून पाहिलं. काका म्हणाले, "सरासरी."

हीटर लावायचा नाही, हा दुसरा नियम. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, त्यात हायब्रीडची बरीच कमाई. पण आतली ऊब येते इंजिनाकडूनच, त्यामुळे हीटर लावला की इंजिन उठून बसतं आणि आकडा पडतो. म्हणून मागच्या सीटवर कोल्हापूरहून आणलेल्या गोधड्या. संक्रांतीच्या कार्यक्रमाला आम्ही तिळगुळाचे डबे मांडीवर घेऊन, गळ्यापर्यंत गोधड्या ओढून, टर्नपाइकच्या अगदी उजव्या लेनमधून चाललेलो असतो, आणि अठरा चाकांचे ट्रक भोंगा वाजवत आम्हाला मागे टाकतात. काचेवर वाफ धरते. ती काका रुमालाने पुसतात.

मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे. तिच्यातून मोठ्या बॅटरीला हवा जाते. "तिथे काही ठेवू नका, ही श्वास घेते." ओक ट्री रोडवरून घेतलेली वीस पौंडांची तांदळाची पिशवी काकू घरापर्यंत मांडीवर घेऊन बसतात. डिकीत का नाही? तर मागे वजन वाढलं की ॲव्हरेज पडतं. मांडीवर घेतलेल्या तांदळाचं वजन गाडीवर येत नाही, असा काकांचा समज असावा. काका इंजिनिअर आहेत हे इथे सांगायला हवं. रिव्हर्स टाकला की टूं टूं वाजतं, पण फक्त गाडीच्या आत. मागून चालणाऱ्या माणसाला काही ऐकू येत नाही. पुढे बसलेल्या काकूंना मात्र नीट कळतं की आपण मागे चाललोय. ("ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," काकू म्हणतात.) पुढे २०१०च्या कायद्याने असल्या मुक्या गाड्यांना बाहेर ऐकू जाईल असा आवाज सक्तीचा केला, ताशी तीस किलोमीटरच्या आत असताना. त्या नव्या गाड्यांना काका 'रडक्या' म्हणतात. आणि यातला कुठलाही दोष दाखवा, उत्तर एकच: "ते मुद्दामच तसं केलंय."

हे उत्तर त्यांनी एका गणपतीला गाडीच्या पोटातून दिलं होतं. शाळेच्या पार्किंगमध्ये मिरवणूक उभी, ढोल सुरू, काका फेटा बांधून तयार, आणि नैवेद्याचे एकवीस उकडीचे मोदक डिकीत. काकांनी बटण दाबलं. काही नाही. दोनशे व्होल्टची मोठी बॅटरी भरलेली होती, पण तिला जागं करते ती बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी, आणि ती उतरली होती. छोटी बॅटरी असते डिकीत. डिकीचं कुलूप उघडतं विजेवर. वीज येते छोट्या बॅटरीतून. काका क्षणभर गाडीकडे बघत राहिले, मग मागच्या दारातून आत शिरून, सीटवरून डिकीत उतरून, आतला खटका शोधत पालथे सरपटू लागले. बाहेर आम्हाला काचेतून नुसता फेट्याचा शेमला हलताना दिसत होता. आतून आवाज आला, "चोरांसाठी मुद्दामच केलंय हे!" दार उघडलं तेव्हा काका मोदकांच्या डब्याशेजारी आडवे होते. एक मोदक कळीपाशी फुटला होता.

मग खजिनदारांचा भलामोठा पिकअप ट्रक शेजारी आणला, केबल लावल्या. ज्याच्याकडून वीज उसनी घेतोय त्याच्या ट्रककडे काका नाक मुरडून बघत होते. शेवटी राहवलं नाही. "ही तुमची किती देते?" "पंधरा असेल." ढोल थांबले होते, त्यामुळे काकांचा सुस्कारा सगळ्यांना ऐकू आला.

यावर मी एकदा सूड घेतला. ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सॉल यांचा २००८ सालचा 'सायन्स'मधला लेख काकांपुढे ठेवला. त्यांचं म्हणणं, गॅलनमागे मैल हे मापच फसवं आहे. वर्षाला बारा हजार मैल धरा. खजिनदारांनी पंधराचे वीस केले तर दोनशे गॅलन वाचतात. काकांनी जीव काढून पन्नासाचे बावन्न केले तर वाचतात नऊ. काकांनी लेख नीट, चष्मा पुसून वाचला. म्हणाले, "बरोबर आहे. पण एक्कावन्न पॉइंट तीनचा उदाहरणात उल्लेख हवा होता."

मला काका आवडतात, असं माझं म्हणणं नाही. पण माझे वडील गेल्याचा फोन आला तो पहाटे तीनला, फेब्रुवारीत. मिळेल ते विमान नेवार्कहून पकडायचं होतं. काका दारात आले तेव्हा गाडी गरम होती. मी सवयीने मागे हात घालून गोधडी चाचपली, तर नव्हती. हीटर पूर्ण चालू होता. टर्नपाइकवर काकांनी डावी लेन धरली आणि सोडली नाही. मधल्या पडद्यावर आकडा उतरत होता: अडतीस, छत्तीस, पस्तीस. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना दिसली. त्यांनी बटण दाबून पडदा बदलला. वाटेत आम्ही काहीच बोललो नाही. परत आल्यावर मी त्यांची डायरी चोरून पाहिली. त्या टाकीची नोंद नाही. अर्थात, सरासरी टिकवायची तर अशा टाक्या गाळाव्याच लागतात. तेव्हापासून मंडळात कुणी नवखा आला की मी त्याच्यादेखत मुद्दाम विचारतो, "काका, किती देते?"

विचारणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. टोयोटाची सिएना २०२१च्या मॉडेलपासून आणि कॅमरी २०२५च्या मॉडेलपासून इथे हायब्रीडच मिळते. मंडळाचं अर्धं पार्किंग काकांच्या पंथात गेलंय, आणि पंथाला त्याचा पत्ता नाही. परवाच काकांनी सिएनातून उतरणाऱ्या एका मुलीला गाठलं. तिच्या कडेवर पोर, हातात डबा.

"किती देते?"

"काय, काका?"

"ॲव्हरेज! हायब्रीड आहे ना तुझी?"

तिने वळून गाडीच्या पाठीवरची अक्षरं वाचली. "हो की. लिहिलंय खरं."

काका तिला विचारून गाडीत बसले, बटणं दाबून पडदा शोधला. पस्तीस. "गाडी मोठी आहे, चालायचंच," ते समजुतीने म्हणाले. मग डायरीचं एक कोरं पान अलगद फाडून त्यावर रकाने आखून दिले: तारीख, मैल, गॅलन. पुढच्या टाकीपासून लिहायला लाग म्हणाले. तिने थँक यू म्हणून पान घेतलं, आणि पोराचा अर्धवट खाल्लेला लाडू त्यात गुंडाळून पर्समध्ये टाकला.