गाजर गवताला खुलं पत्र

गाजर गवता,

तुला नमस्कार नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यात तुझी नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर आलंस असं लोक मानतात. पाहुण्यानं दोन दिवस राहावं. तू सत्तर वर्षं मुक्काम ठोकलास आणि बांध, पडीक रानं, रेल्वेच्या कडा, शाळांची मैदानं गिळलीस. शाबास तुझ्या निर्लज्जपणाची!

माझ्या आबांनी तुला आयुष्यभर उघड्या हातांनी उपटलं. कित्येक वर्षं काहीच झालं नाही, आणि इथेच तुझी लबाडी आहे. तुझ्या लवेत पार्थेनिन असतं. हा रेणू एवढा बारका, की एकटा असताना शरीर त्याची दखलही घेत नाही. तो कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो, आणि घरचंच प्रथिन परकं दिसू लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी ती खबर लसिकाग्रंथीत पोचवतात, टी-पेशी ती खूण लक्षात ठेवतात. मग पुढे कधी तू नुसतं अंगाला घासलंस, तरी एक-दोन दिवसांत त्या तुटून पडतात. मार बसतो आबांच्या कातडीला. तू बांधावर डुलत उभं!

आधी पापण्या सुजल्या. मग मान, कोपरांचे खळगे. खाजवून खाजवून कातडी जाड, काळी झाली, भेगांतून लस वाहू लागली. नायटा समजून तीन वर्षं दुकानातली मलमं लावली. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, तेव्हा तुझ्या अर्काची जागा लालबुंद फुगली होती. सापडलंस.

जेल आणि कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३मध्ये अशा अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार मांडले. चुकीच्या गटाचं रक्त चढवलं की प्रतिपिंडं लाल पेशी फोडतात, तो दुसरा. प्रतिपिंडांचे पुंजके मूत्रपिंडात अडकून सूज आणतात, तो तिसरा. तुला उरलेले दोन्ही हवेत: परागानं काही मिनिटांत शिंका आणि दमा, हा पहिला, लवेनं सावकाश कातडी सोलायची, हा चौथा. बिब्बाही चौथ्याच वाटेनं उततो, पण त्याला गाव ओळखून असतं, जपून हात लावतं. तुला मात्र लोक पांढरी नाजूक फुलं म्हणून गुच्छातही खोवतात.

आता आबांना शिवारात पाऊल टाकता येत नाही. तुझी वाळलेली लव वाऱ्यावर आली तरी चेहरा पेटतो. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना तूच असतंस, म्हणून त्यांची आषाढीची पायी वारी सुटली. याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही.

वाचणाऱ्यांनो, एकेका झाडाला हजारो बिया येतात. पाऊस पडून जमीन भुसभुशीत झाली की, फुलं धरण्याआधीच, हे मुळासकट काढा. जाड हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं, याशिवाय हात लावू नका. आणि उपटायला मजूर बाया लावणार असाल, तर हातमोजे तुम्ही आणून द्या.